फर्मवेअरसाहेब, जरा पाय उचला की!

श्रीमान यूईएफआय फर्मवेअरसाहेब,
मु. पो. मदरबोर्ड, कोपऱ्यातली फ्लॅश चिप, यांस



पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या कृपेनं मला रोज थोडा रिकामा वेळ मिळतो. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखे फिरतात, केबिनेटमधले रंगीत दिवे तत्काळ नाचायला लागतात (दिव्यांच्या बाबतीत आपण कधी उशीर केल्याचं स्मरत नाही), पडदा मात्र काळा तो काळाच. मग केव्हातरी मदरबोर्डवाल्या कंपनीचं बोधचिन्ह उगवतं आणि ठाण मांडून बसतं. या वेळेत वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचून होतं. ते रोज वाचवत नाही, म्हणून म्हटलं, साहेबांनाच चार ओळी लिहाव्यात.

आपली खरी कर्तबगारी ही की, एवढं करून आपण नामानिराळे. घरी आलेला पाहुणा पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, “तुमचं ते लिनक्स सुरू व्हायला फारच वेळ घेतं बुवा!” लिनक्सच्या कर्नलला तोवर कुणी जागंसुद्धा केलेलं नसतं. तो बिचारा डिस्कवर निपचित पडलेला असतो, आणि शिव्या त्याच्या नावावर जमा होत असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

तरी बरं, पंचनाम्याची सोय आहे. टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ एवढं टंकलं की एका ओळीत सगळ्यांचा हिशेब येतो. माझ्या यंत्राचा आला तो असा: फर्मवेअर ३४.६ सेकंद, लोडर १.९, कर्नल २.१, यूजरस्पेस ५.३. एकूण ४३.९. म्हणजे कर्नलनं सगळं हार्डवेअर ओळखलं, डिस्क जोडली, मग नेटवर्क, आवाज, ब्लूटूथ, लॉगिनचा पडदा हे सगळं उभं राहिलं, ते साडेसात सेकंदांच्या आत. आणि त्या मंडळींना नुसतं दार उघडून द्यायला आपल्याला चौतीस सेकंद पुरले नाहीत.

हे आकडे लिनक्सनं मनानं रचलेत असं आपण म्हणाल. तसं नाही. हा कबुलीजबाब आपलाच आहे. एसीपीआयच्या तक्त्यांमध्ये ‘एफपीडीटी’ नावाचा एक तक्ता असतो. लोडर कधी उचलला, त्याला कधी सोडलं, स्वतःचा गाशा कधी गुंडाळला, याची नोंद त्यात आपण स्वतःच करून ठेवता. लिनक्स ती फक्त वाचून दाखवतं, आणि ती असते नॅनोसेकंदांत! अर्धं मिनिट घालवणाऱ्यानं दप्तर नॅनोसेकंदांत ठेवावं, याला काटेकोरपणा म्हणायचा की निगरगट्टपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही ‘स्टार्टअप’च्या पानावर कोपऱ्यात ‘लास्ट बायॉस टाइम’ म्हणून हाच आकडा दिसतो. तेव्हा हे लिनक्सवाल्यांचं कुभांड नव्हे. न्यायाला धरून एवढं सांगतो की, कुणी आपल्या सेटअपच्या पानावर रेंगाळत बसला तर तो वेळही आपल्याच खात्यावर पडतो. त्यामुळे मी आपला आकडा धरतो तो बंद यंत्र सुरू करून, कळफलकाला हात न लावता आलेला.

आता थोडं जुनं उकरतो. २००८ साली अमेरिकेत पोर्टलंडला लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्स भरली होती. तिथे अर्यान व्हान दे व्हेन आणि औके कोक या इंटेलमधल्या दोघांनी एक ईई-पीसी, म्हणजे तो चिमुकला स्वस्त लॅपटॉप, पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. पाच सेकंद म्हणजे नुसता लॉगिनचा पडदा नव्हे. डेस्कटॉप उभा राहून डिस्क आणि प्रोसेसर शांत होईपर्यंत. त्यांनी आधी वेळ वाटून टाकला: कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या सेवांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. ज्याला जेवढे दिले तेवढ्यात त्यानं बसायचं. पुढे २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टमडी आणलं आणि एकामागून एक रांगेत सुरू होणाऱ्या सेवा एकदम सुटू लागल्या. त्यावरून लिनक्सच्या जगात जी भांडणं झाली ती अजून पुरती मिटलेली नाहीत. पण इथे कळीची गोष्ट एवढीच की, ही सगळी मंडळी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यासाठी जिवाचं रान करत होती. पोर्टलंडच्या त्या पाच सेकंदांत आपला वेळ धरलेला नव्हता. धरून उपयोग काय? आपला कारभार कुलूपबंद, किल्ली मदरबोर्डवाल्या कंपनीकडे.

आपण नेमकं करता काय, तेही बघून घेतलं. उगाच कुणावर आळ नको.

पहिलं काम खरंच अवघड आहे, आणि तिथे मी आपल्याला मान देतो. वीज आली तेव्हा रॅम वापरण्याजोगी नसते. अनेक यंत्रांवर आपण प्रोसेसरच्या कॅशमध्ये कशीबशी पथारी टाकता आणि तिथूनच रॅमला कामाला लावता. रॅमच्या प्रत्येक तारेवरचा संदेश किती उशिरानं वाचायचा, व्होल्टेज किती धरायचं, हे चाचपून चाचपून ठरवावं लागतं. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. डीडीआर-५ मध्ये वेग इतका वाढला की ही चाचपणी फार बारकाईनं करावी लागते. २०२२ मध्ये एएमडीचे एएम-५ सॉकेटचे बोर्ड आले, तेव्हा नवं यंत्र जोडून बटण दाबणारे लोक काळ्या पडद्यासमोर मिनिटं मोजत बसले होते. कित्येकांनी बोर्ड मेला असं समजून पुन्हा बटण दाबलं, आणि चाचपणी परत पहिल्यापासून! तेव्हा रॅमच्या खाचांवर एक सूचना चिकटवलेले बोर्डही विकायला आले: पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागेल, धीर धरा. दिरंगाईची आगाऊ लेखी सूचना देण्याची ही चाल इतर खात्यांनीही उचलावी अशी आहे.

पण साहेब, काल शिकवलं ते आज विसरायचं कशासाठी? रॅम तीच, बोर्ड तोच, प्रोसेसर तोच. कालची मापं जपून ठेवली आणि आज तीच लावली तर वेळ वाचतो, आणि ही विद्या आपल्याला अवगत आहे. एएमडीच्या बोर्डांवर तिचं नाव ‘मेमरी काँटेक्स्ट रिस्टोर’, इंटेलच्या बोर्डांवर ‘एमआरसी फास्ट बूट’. फक्त ती आपण सेटअपच्या अशा खोलीत लपवता की तिथे जायला तीन माजघरं ओलांडावी लागतात. माझ्या बोर्डावर ती ‘ऑटो’वर होती. ऑटोचा अर्थ साहेबांच्या मनात येईल तसं. ‘एनेबल्ड’ केली आणि चौतीसातले चौदा-पंधरा सेकंद जागच्या जागी गेले. एवढं सोपं होतं तर मग इतके दिवस कुणासाठी राखून ठेवलं होतं?

हेही सांगितलं पाहिजे की, काही बोर्डांवर ही सोय चालू केली की यंत्र मधेच कोलमडतं, विशेषतः रॅम तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवली असेल तर. मग जाणकार सांगतात की जोडीला ‘पॉवर डाउन एनेबल’ही चालू करा, फर्मवेअरची नवी आवृत्ती टाका, आणि मेमटेस्टची एक पूर्ण फेरी होऊ द्या. हे ऐकावं. दहा सेकंदांसाठी फायलींची नासाडी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आणि जुन्या यंत्रात ती बटणासारखी सीआर-२०३२ बॅटरी संपली असेल, तर मेन स्विच बंद होताच आपण घड्याळासकट केलेल्या सेटिंग्जही विसरता आणि रोज नव्यानं श्रीगणेशा करता. ती बॅटरी घड्याळजीकडेसुद्धा मिळते.

रॅम जागी झाली की आपला खरा थाट सुरू होतो. आपल्याकडच्या जाहीर कार्यक्रमात मुख्य वक्त्याला माइक मिळण्याआधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, आणि व्यासपीठावरच्या यच्चयावत माणसांना शाल-श्रीफळ हे सगळं व्हावंच लागतं. आपला डीएक्सई नावाचा टप्पा तसा आहे. यूएसबीच्या प्रत्येक खोबणीत कोण बसलंय याची विचारपूस होते. उंदीर, कळफलक, वेबकॅम, कार्ड रीडर, प्रिंटर. त्यात बाहेरची जुनी हार्ड डिस्क असली तर ती गरगरायला लागेपर्यंत थांबायचं. ज्या साटा पोर्टला काहीही जोडलेलं नाही तिथेही डोकावायचं. वाढीव कार्डाचा स्वतःचा ‘ऑप्शन रॉम’ असला तर त्याचंही दोन शब्दांचं मनोगत. आणि याचा पुढे उपयोग काय, तर शून्य. आपण गाशा गुंडाळताच कर्नल येतो आणि यातलं जवळजवळ सगळं काम स्वतःच्या ड्रायव्हरांनी पहिल्यापासून करतो. आपण जमवलेली माहिती तो वापरायलाही तयार नसतो, आणि त्यानं केलं तर ते दोन सेकंदांत होतं.

या थाटातला सगळ्यात मानाचा आयटम म्हणजे नेटवर्क बूट. हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रानं नेटवर्कवरून आपली ऑपरेटिंग सिस्टीम मागून आणावी, अशी ही पीएक्सई नावाची योजना. डेटा सेंटरमध्ये आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ती उपयोगाची आहे, वाद नाही. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, फोनवाल्यानं बसवून दिलेल्या राउटरला आपण रोज विचारता, “आयपी-४ वर कुणी बूट सर्व्हर आहे का?” उत्तर येत नाही. थांबता. मग “आयपी-६ वर?” पुन्हा थांबता. दोन नेटवर्क पोर्ट असले तर दुसऱ्यावरही हीच आर्जवं. सेटअपमध्ये ‘नेटवर्क स्टॅक’ बंद केला आणि आणखी काही सेकंद सुटले. घरच्या यंत्रावर हा स्टॅक चालू ठेवण्याचं एकही कारण मला सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर तो माणूस घरी सर्व्हर पाळतो असं समजावं.

‘पोस्ट डिले टाइम’ नावाच्या एका नोंदीबद्दल तर आपला जाहीर सत्कारच व्हायला हवा. काही बोर्डांवर ती मुळात तीन सेकंदांवर असते. या वेळात आपण काहीही करत नाही, नुसते थांबता; का, तर एखाद्याला सेटअपमध्ये जायचं असेल तर डिलीटचं बटण दाबायला उसंत मिळावी म्हणून. म्हणजे आपल्याला भेटायचं नसलेल्या लोकांनी, आपल्याला भेटू इच्छिणाऱ्या कुणा एकासाठी, रोज खोळंबायचं. लिनक्समध्ये ‘सिस्टमसीटीएल रीबूट’ला ‘फर्मवेअर-सेटअप’ अशी शेपटी जोडली की यंत्र थेट आपल्या दालनात उतरतं, बटण बडवावं लागत नाही. तेव्हा ती नोंद मी शून्यावर आणून ठेवली आहे. राग नसावा.

आता ‘फास्ट बूट’. हे नाव पाहून भोळी माणसं भुलतात, आणि विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’शी त्याची गल्लत करतात, ती निराळी चीज आहे, ती विंडोजचा कर्नल झोपवून डिस्कवर ठेवते. आपलं फास्ट बूट म्हणजे वरच्या विचारपुशीला कात्री. साधं फास्ट असेल तर ठीक. पण काही बोर्डांवर ‘अल्ट्रा फास्ट’ही असतं, आणि त्यात आपण कळफलकालाही ओळख दाखवत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम चालू होईस्तोवर तो मुका. लिनक्स एखाद्या दिवशी अडकलं, जुना कर्नल निवडायची वेळ आली, तर ग्रब या लोडरच्या यादीसमोर हात बांधून बसायचं. मला विचाराल तर, साध्या फास्टवर थांबावं.

आपल्या स्मरणशक्तीबद्दलही बोललं पाहिजे. रॅमची कालची मापं विसरणारे आपण, तीन वर्षांपूर्वी एकदा टाकून बघितलेल्या आणि पुसून टाकलेल्या लिनक्सचं नाव मात्र इमानानं जपता. ‘ईएफआयबूटएमजीआर’ चालवून बघितलं तर बूटच्या यादीत उबंटू, फेडोरा, कुठलासा पेनड्राइव्ह, सगळ्यांची भुतं हजर. क्रमात भूत वर असेल तर आपण आधी त्याचा शोध घेता, ते सापडत नाही, मग पुढच्याकडे वळता. त्याच हत्यारानं मेलेल्या नोंदी काढता येतात आणि चालू लिनक्सला पहिला पाट देता येतो. मात्र हे काम हत्यारानंच करावं, फायली थेट पुसून नव्हे. २०१३ च्या जानेवारीत काही सॅमसंग लॅपटॉप यूईएफआयच्या वाटेनं लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडल्याची बोंब झाली होती. तेव्हाही पहिला ठपका लिनक्सवरच. पुढे मॅथ्यू गॅरेट यांनी शोधून दाखवलं की, आपल्या नोंदवहीची जागा फार भरली की आपल्या त्या भावंडाला पुन्हा उभंच राहता येत नव्हतं, आणि हे विंडोजमधूनही घडवता येत होतं. २०१६ मध्ये एकानं, या नोंदी जिथे फायलींच्या रूपात दिसतात ते ‘ईएफआयव्हार्स’चं फोल्डर पुसल्यावर लॅपटॉपचा दगड झाला, तेव्हा शेवटी कर्नलवाल्यांनीच त्या फायलींना कुलूप घातलं. वही आपली, पानं आपली, आणि ती फाटू नये याची काळजी परक्यानं घ्यायची!

सुरुवातीला ठाण मांडून बसणाऱ्या त्या बोधचिन्हाचीही एक गोष्ट आहे. २०२३ च्या डिसेंबरात बायनार्ली या कंपनीच्या संशोधकांनी ‘लोगोफेल’ जाहीर केलं. ज्या चित्रासाठी आपण एवढे नटता ते वाचणाऱ्या आपल्याच कोडमध्ये इतकी भोकं होती की, एक मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवून ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी यंत्राचा ताबा घेता यावा. सिक्युअर बूटचा दारवान उभाच होता, पण चोर जाहिरातीच्या फलकातून आत शिरत होता. सेटअपमध्ये ‘फुल स्क्रीन लोगो’ बंद करायची नोंद असते; ती बंद केल्यानं वेळ नावालाच वाचतो आणि तो धोकाही टळतोच असं नाही. मी बंद केली ती केवळ तोंड बघायला नको म्हणून. लोगोफेलवर खरा इलाज नव्या आवृत्तीचा. ती आता लिनक्समधूनच टाकता येते, ही रिचर्ड ह्यूज यांची पुण्याई: त्यांचं ‘एफडब्ल्यूअपडी’ आणि त्यामागची एलव्हीएफएस सेवा नसती तर अजूनही विंडोजची वाट धरावी लागली असती. माझा बोर्ड बनवणाऱ्यांनी मात्र तिथे नाव नोंदवलेलं नाही, त्यामुळे माझ्या नशिबी पेनड्राइव्हच.

आपल्याला वळसा घालूनही जाता येतं, हे आपल्या कानावर घालतो. कर्नल बदलल्यावर पुन्हा सुरू करायचं असेल तर ‘केएक्झेक’नं जुना कर्नल नव्या कर्नलला थेट गादीवर बसवतो, आपल्याला आमंत्रणच नाही. २०२३ च्या सिस्टमडीपासून ‘सॉफ्ट-रीबूट’ आलं, त्यात कर्नल तोच राहून वरचा संसार तेवढा नव्यानं मांडला जातो. आणि लॅपटॉप नुसता झोपवून ठेवणारे तर महिनोन्‌महिने आपलं नावही काढत नाहीत.

काही लोकांनी तर आपली खुर्चीच काढून घेतली. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत १९९९ मध्ये रॉन मिनिक यांनी लिनक्सबायॉस सुरू केलं. तेच आजचं कोअरबूट, आणि क्रोमबुकं त्याच्यावर चालतात. पुढे हेच मिनिक गूगलमध्ये असताना त्यांनी सर्व्हरवरच्या आपल्या डीएक्सईचा बहुतेक पसारा काढून त्या जागी छोटा लिनक्सच बसवला. जिथे आठ मिनिटं लागत होती तिथे काम २० सेकंदांवर आलं, असं त्यांनी २०१७ मध्ये सांगितलं. घरच्या बोर्डांवर हे अजून सहज होत नाही, कारण रॅमला जागं करणारा मंत्र चिप बनवणाऱ्यांच्या पेटीत बंद आहे. इंटेलच्या पेटीचं नाव एफएसपी, एएमडीच्या पेटीचं अगेसा. अगेसाच्या जागी ओपनसिल नावाची उघडी पोथी आणण्याचं एएमडीनं २०२३ मध्ये जाहीर केलंय. ती आपल्या खोलीपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल.

तूर्त आपण १३ सेकंदांवर आला आहात. त्याखाली आपल्याला खेचणं माझ्या हातात नाही, आणि तेरातले किती खरोखर लागतात हे विचारायची सोय आपण कुठेच ठेवलेली नाही.

कळावे, लोभ कमी असला तरी चालेल, पण वेळेवर असावा.

आपला (नाइलाजानं),
एक लिनक्सवाला

ता. क. : नवी आवृत्ती टाकली की आपण माझ्या सगळ्या सेटिंग्ज पुसता आणि नेटवर्क स्टॅक, तीन सेकंदांचा पोस्ट डिले आणि लोगो यांना सन्मानानं परत बोलावता, याची कल्पना आहे. त्यासाठी पेनड्राइव्ह लावून, सेटअपच्या प्रत्येक पानावर एफ-१२ दाबून स्क्रीनशॉट काढून घेतलेत. ते काम मात्र आपण चुटकीसरशी केलंत.